दोन भोकं मागे

वर्कुमच्या धक्क्यावर डौवे माझ्या आधी आलेला.
हे पहिल्यांदाच. एकवीस वर्षं
मी दोर उलगडून, शीड लावून, शिव्या पुटपुटून झाल्यावर
हा पाव चघळत यायचा.

वारा वायव्येचा, चढता. आयसेलमेरचं पाणी तपकिरी,
लाटा आखूड, एकमेकींच्या टाचा तुडवणाऱ्या.
आजोबा याला मरेपर्यंत समुद्रच म्हणाले.
बांध पडला, पाण्यातलं मीठ गेलं,
त्यांच्या जिभेवरचं गेलं नाही.

आमची होडी म्हणजे सांगड:
दोन सडपातळ होड्या, मध्ये ताणलेली जाळी,
आणि एक डोलकाठी, जी सरळ उभी असते
असं फक्त किनाऱ्यावरून बघणाऱ्यांना वाटतं.

ती किती मागे कललीय ते मोजायची जुनी रीत आहे.
ट्रॅपीझची तार नाळेच्या टोकापर्यंत न्यायची,
तिथे लांबी चिमटीत पकडायची,
चिमूट न सोडता पिछाडीकडे चालत जायचं
आणि कुठे टेकते ते बघायचं.
मागच्या फळीवर लाल चिकटपट्टी आहे, माझ्या हातची.
आमचं दोघांचं वजन, एकशे अठ्ठावन्न किलो,
त्या पट्टीत लिहिलेलं आहे,
वाचता येणाऱ्याला.

आज चिमूट पट्टीच्या वीतभर खाली आली.

पुन्हा मोजलं. तेच.
पुढच्या तारेपाशी गेले, वाकून बघितलं:
खिळा दोन भोकं सरकवलेला, नवी कडी,
कडीवर टेप गुंडाळलेली, नीट,
डौवेला आयुष्यात कधी जमली नाही इतकी नीट.

काठी जितकी मागे, तितकी वाऱ्याची पकड ढिली.
दर मे महिन्यात आम्हीच पोरांना शिकवतो,
जोडी हलकी असेल तर काठी मागे घ्या,
लाजू नका, वजनकाट्याला फसवाल, वाऱ्याला नाही.

तो जाकिटाचे पट्टे ओढत होता.
ओढतच होता. पट्टे संपले,
जाकीट तरी अंगाभोवती फिरत होतं.

"किती?" मी विचारलं.
"दोन भोकं."
"मी किलो विचारतेय."
"तेच सांगतोय, वीत्स्के."

लेउवार्डनच्या दवाखान्याचं नाव त्याने घेतलं
ते होडी ढकलताना, गुडघाभर पाण्यात,
चाकं कुठे ठेवायची विचारावं तसं.
मी म्हटलं, भिंतीला टेकवून ठेव.

बाहेर पहिल्याच झोताला वाऱ्याकडची होडी उचलली गेली.
पूर्वी अशा वेळी मी बसून सुकाणू धरायची,
तो एकटा तारेला लटकायचा आणि होडी गप्प व्हायची,
वर्गात मास्तर आल्यासारखी.
आज झाली नाही.
मीही आकडा अडकवला,
बावन्न वर्षांचे गुडघे कुरकुरत काठावर उभे केले
आणि पाठ पाण्याकडे सोडून दिली.
बसली खाली. पण सुकाणू जड,
हात खांद्यातून ओढत होतं,
आणि वाऱ्याच्या तोंडाशी पूर्वीइतकं जवळ जाता येईना.
योकेची निळी शिडं आमच्या वरून निघून गेली.
तिने हात केला. आमचे हात मोकळे नव्हते.

परतताना वारा पाठीशी, नाळा पाण्यात खुपसायला टेकलेल्या.
"मागे!" मी ओरडले.
तो सरकला, माझ्याही मागे, पार शेवटच्या फळीपर्यंत,
आणि तिथून, खोकत, मला म्हणाला,
"अजून एक भोक शिल्लक आहे खाली.
तेवढ्यासाठी उगाच तोंड पाडू नकोस."

किनाऱ्यावर मी खिशातून नवी पट्टी काढली, पिवळी,
वीतभर खाली लावायला.
लाल तशीच ठेवली होती.
"टेप नको," तो म्हणाला. "पेन्सिलीने कर."

ओल्या फळीवर पेन्सिल उमटेना.
शिडं गुंडाळली, जाळी धुतली,
चाकं भिंतीपासून आणली.
मग फळी सुकायची वाट बघत
दोघं दोन होड्यांवर बसून राहिलो.